नागपूरजवळच्या तलावांत काठाला पाणकणीस, आत कमळ आणि मध्ये मोकळं पाणी, असे पट्टे का दिसतात?

मुख्य कारण पाण्याची खोली, आणि वर्षात किती महिने ती जागा बुडालेली असते हे. मुळं चिखलात, म्हणजे बिनप्राणवायूच्या मातीत असतात, त्यामुळे त्यांना हवा वरूनच पोचवावी लागते. पाणकणसाचं पान आडवं कापून बघा, आत हवेच्या पोकळ्यांची जाळी दिसेल. पण पानं पाण्याबाहेर हवीतच, म्हणून ते साधारण मीटरभर खोलीपर्यंतच टिकतं. कमळाचा देठ लांब, त्यामुळे ते आणखी आत, दोनेक मीटरपर्यंत जातं. त्यापुढे हायड्रिलासारख्या बुडीत वनस्पती, त्याही तळाशी उजेड पोचतो तिथवरच. मध्ये दिसणारं मोकळं पाणी खाली बऱ्याचदा रिकामं नसतं!

आपल्याकडे पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि मे महिन्यापर्यंत काठ उघडा पडतो. त्या ओल्या गाळातच लव्हाळ्याचं आणि पाणकणसाचं बी रुजतं, खोल पाण्यात नाही. म्हणून उन्हाळ्यातला तो उघडा गाळ ‘वाया गेलेली जागा’ समजून त्यावर भराव टाकू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

जलपर्णीला मात्र हे लागू नाही. ती तरंगते, तिला खोलीशी देणंघेणं नाही. सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस मिळाला की ती कुठेही पसरते, नागपूरच्या अंबाझरी तलावात दिसली तशी. शिवाय काठाला उभी भिंत किंवा दगडी पिचिंग (उतारावर बसवलेलं दगडांचं अस्तर) असेल, तर उथळ पट्टाच उरत नाही.