वाचकांचे प्रश्न : पेट्रोलचा मॅप बदलायचा, पण कोणत्या मार्गाने?

प्रश्न : माझ्या एका सिलिंडरच्या, सुमारे 400 सीसीच्या इंजेक्शन मोटरसायकलला मी पूर्ण एक्झॉस्ट बसवला आणि एअर बॉक्स काढून उघडा फिल्टर लावला. वरच्या आरपीएमला गाडी आता मोकळी पळते. मात्र 3000 ते 4500 आरपीएमच्या दरम्यान, हलक्या थ्रॉटलवर एकसारख्या वेगाने जाताना ती हिसके देते आणि थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके फुटल्यासारखे आवाज येतात. तीन जाणकारांनी तीन उपाय सांगितले : ऑक्सिजन सेन्सरच्या वायरमध्ये जोडायची छोटी डबी, इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये बसणारा पिगीबॅक कंट्रोलर आणि मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) फ्लॅश करणे, म्हणजे त्यातली माहिती नव्याने लिहिणे. यांतले काय निवडावे?

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे शब्द ‘हलक्या थ्रॉटलवर एकसारख्या वेगाने’ हे आहेत, आणि माझे उत्तर त्यांच्यावरच उभे आहे.

ईसीयू दोन पद्धतींनी पेट्रोल मोजतो. जोरात पिकअप घेताना किंवा थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तो आपल्याकडच्या तक्त्यानुसार, म्हणजे मॅपनुसार पेट्रोल सोडतो आणि ऑक्सिजन सेन्सरकडे पाहत नाही. ही ओपन लूप पद्धत. संथ, स्थिर चालीत मात्र तो सेन्सरचे ऐकतो, आणि याला क्लोज्ड लूप म्हणतात. कंपनीकडून येणारा सेन्सर बहुतेक वेळा नॅरोबँड जातीचा असतो. त्याचे व्होल्टेज सुमारे 0.45 च्या वर गेले तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आणि खाली आले तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, इतकेच त्याला सांगता येते. किती जास्त आणि किती कमी, हे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यामुळे ईसीयू पेट्रोल किंचित वाढवत आणि किंचित घटवत मिश्रण हवा 14.7 भाग आणि पेट्रोल 1 भाग या वजनी प्रमाणाच्या आसपास राखतो. धूर स्वच्छ ठेवण्यासाठी हे प्रमाण योग्यच आहे, पण मोठ्या एका सिलिंडरच्या इंजिनाला हलक्या भारावर ते अनेकदा सोसत नाही आणि गाडी हिसके देऊ लागते.

आता समजा, तुम्ही पिगीबॅक बसवला आणि मॅपच्या तक्त्यातल्या 3500 आरपीएमच्या चौकटीत पेट्रोल 8 टक्क्यांनी वाढवले. हा कंट्रोलर ईसीयूकडून आलेला इंजेक्टरचा संदेश अडवतो, लांबवतो आणि पुढे पाठवतो. चार स्ट्रोकच्या इंजिनाचे एक पूर्ण चक्र 6000 आरपीएमला 20 मिलिसेकंदांत संपते. त्यात इंजेक्टर समजा 6 मिलिसेकंद उघडा राहत असेल, तर 5 टक्के वाढ म्हणजे जेमतेम 0.3 मिलिसेकंद. काम इतके बारीक आहे आणि चांगला पिगीबॅक ते नीट करतो. अडचण पुढे येते : मूळ ऑक्सिजन सेन्सर जागेवर असेल, तर त्याला मिश्रण रिच दिसते आणि ईसीयू तेच 8 टक्के हळूहळू काढून घेतो. म्हणजे पैसे खर्च करूनही नेमका तुमच्या त्रासाचा पट्टा जसाच्या तसा राहतो. म्हणून पिगीबॅक घ्यायचाच असेल, तर सेन्सरचे काय करायचे याचा खुलासा त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच घ्यावा. काही कंट्रोलरांसोबत त्यासाठी वेगळा प्लग येतो.

सेन्सरच्या वायरमधल्या डबीबद्दल थोडक्यात सांगतो. ती ईसीयूची फसवणूक करून स्थिर चालीतले मिश्रण थोडे रिच करते. कधी हिसके कमी होतातही, पण थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तिचा उपयोग शून्य, आणि तुमच्या इंजिनात हवेचा मार्ग दोन्ही टोकांना बदललेला आहे. आत येणाऱ्या हवेचे तापमान खोटे दाखवणारी डबी मी त्याहून कमी पसंत करतो, कारण अनेक ईसीयू त्याच तापमानावरून स्पार्कची वेळही ठरवतात.

तुमच्यासाठी माझी निवड ईसीयू फ्लॅश करण्याची आहे. फ्लॅश करताना मूळ तक्तेच बदलले जातात : लहान थ्रॉटलसाठी मॅनिफोल्डमधल्या (हवा आत नेणाऱ्या नळीतल्या) दाबावर आधारलेला, मोठ्या थ्रॉटलसाठी थ्रॉटलच्या कोनावर आधारलेला, शिवाय स्पार्कच्या वेळेचा तक्ता आणि क्लोज्ड लूपची मर्यादाही. ज्या ईसीयूमध्ये ही मर्यादा बदलता येते, तिथे त्रासाच्या मुळालाच हात घालता येतो. दोन अटी मात्र मी आग्रहाने सांगतो. मूळ फाइल आधी काढून दोन ठिकाणी जपून ठेवावी. आणि फ्लॅश चालू असताना बॅटरीला चार्जर जोडलेला असावा, कारण मध्येच व्होल्टेज पडले तर ईसीयू कायमचा निकामी होऊ शकतो. दुसऱ्याच्या गाडीवर बनलेली तयार फाइल ही सुरुवात म्हणून ठीक आहे, शेवट म्हणून नाही. तुमची गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, वाइडबँड सेन्सर (मिश्रण नेमके किती रिच वा लीन ते सांगणारा) लावून मोजली जाईपर्यंत ते काम अर्धेच समजावे. आरपीएमची कमाल मर्यादा वाढवून देण्याचा आग्रह कोणी केला तर नम्रपणे नकार द्या. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्या वेगासाठी निवडलेल्या नसतात.

पण यातले काहीही विकत घेण्याआधी हेडजवळचा एक्झॉस्टचा जोड उजेडात नीट पाहा. एकदा माझ्यासमोर एक गाडी दोन दिवस सतत लीन दाखवत होती, आणि आम्ही दर फेरीला पेट्रोल वाढवत होतो. तिसऱ्या दिवशी पाइप उतरवला, तेव्हा गॅस्केटच्या एका कडेला नखाएवढा काळा डाग दिसला. सिलिंडरमधून धूर निघून गेला की पाइपात क्षणभर दाब कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला ती न जळलेल्या ऑक्सिजनसारखी दिसते. नवे गॅस्केट बसताच आकडा ठिकाणावर आला आणि वाढवलेले बहुतेक सगळे पेट्रोल परत काढावे लागले. थ्रॉटल सोडल्यावर येणारे तुमचे फटाकेही बऱ्याच अंशी अशाच गळतीचे, किंवा एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणाऱ्या झडपेचे असू शकतात. त्याच बैठकीत व्हॉल्व्हचे अंतर, इनटेकचा रबर फाटला आहे का आणि पेट्रोल पंपाचा दाब, जो अनेक मोटरसायकलींत 3 बारच्या आसपास असतो, तपासून घ्या.

न विचारलेली एक गोष्टही सांगतो. मूळ एअर बॉक्स परत बसवा. त्याचे आकारमान आणि नळीची लांबी मधल्या आरपीएमचा टॉर्क भरून काढण्यासाठीच ठरवलेली असते, आणि तो थंड हवा घेतो; उघडा फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. गमावलेला टॉर्क कोणताही मॅप परत आणू शकत नाही. नव्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसेल, तर बहुतेक देशांत ती गाडी रस्त्यावर चालवणे नियमबाह्य ठरते, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : ऑटोट्यून किट लावले तर गाडी स्वतःच आपला मॅप बनवते, असे ऐकले आहे. मग डायनोची गरज उरते का?

उत्तर : ऑटोट्यूनमधला वाइडबँड सेन्सर उपयोगी आहे, आणि किटवर विश्वास ठेवायचाच असेल तर तो स्थिर चालीपुरता ठेवावा. पेट्रोल सुटल्यापासून त्याचा धूर सेन्सरपाशी पोहोचेपर्यंत वेळ जातो, त्यामुळे थ्रॉटल झटकन उघडल्यावर आलेला आकडा बहुतेकदा आधीच्या चौकटीचा असतो आणि किट तो नव्या चौकटीच्या नावावर नोंदवते. याहून मोठा धोका मिसिंगचा. मिश्रण इतके रिच झाले की स्पार्क लागूनही ते पेटले नाही, तर न वापरलेला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर पडतो. सेन्सर त्याला लीन समजतो, किट आणखी पेट्रोल घालते आणि मिसिंग वाढत जाते. असे दीर्घकाळ चालले तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते.

म्हणून इंजिन पूर्ण तापल्यावर, दीर्घ आणि स्थिर चालीत ऑटोट्यूनला शिकू द्या, एका वेळी 5 टक्क्यांपेक्षा अधिक बदल मान्य करू नका आणि चौकटी स्थिरावल्या की शिकणे बंद करून मॅप कायम करा. पूर्ण थ्रॉटलचा भाग, जिथे पेट्रोल इंजिनाला सर्वाधिक ताकदीसाठी 12.5 ते 13.2 च्या दरम्यानचे प्रमाण लागते, तो मात्र डायनोवरच करून घ्यावा. तिथे लीन मिश्रणाने होणारे नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे सिलिंडरमध्ये अनियंत्रित पेटणे, पिस्टनवर बेतते. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल, तर मीटर लॅम्डावर ठेवा; लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचे संपूर्ण ज्वलनाचे प्रमाण. 10 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाचे संपूर्ण ज्वलनाचे प्रमाण 14.7 नसून सुमारे 14.1 असते, पण लॅम्डा 1 चा अर्थ दोन्हींसाठी एकच.

प्रश्न : माझी जुनी गाडी कार्ब्युरेटरची आहे. फक्त सायलेन्सरचा मागचा भाग बदलला. जेट बदलावे लागतील का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही, कारण मफलरच्या मागच्या भागाने हवेचा प्रवाह फारसा बदलत नाही. तरी शंका असेल, तर थ्रॉटलच्या मुठीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि गाडी नेमक्या कोणत्या खुणेवर अडखळते ते पाहा. पहिल्या पाव भागात पायलट जेट आणि त्याचा मिश्रण स्क्रू, मधल्या भागात सुई, आणि पाऊण ते पूर्ण थ्रॉटलला मेन जेट काम करतो. मेन जेट बदलून पावभर थ्रॉटलवरचा त्रास जाणार नाही. सुई एक खाच वर घेतली, तर तेवढीच घ्या आणि त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून पाहा.