पीटीईएन गेलं म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न : आईचं वय 58. पाळी जाऊन सहा वर्षं झाली, तरी अंगावरून लाल जाऊ लागलं म्हणून जळगावात क्युरेटिंग केलं. रिपोर्टात ‘अ‍ॅटिपिकल हायपरप्लेसिया, ग्रंथींत पीटीईएन लॉस’ आहे. हा कॅन्सर आहे का? आम्हा बहिणींनाही धोका आहे का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, काळजी करायची ती ‘अ‍ॅटिपिकल हायपरप्लेसिया’ची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरातल्या बेढब पेशींच्या जादा वाढीची, पीटीईएनची नव्हे. पीटीईएन हा पेशींच्या वाढीला लगाम घालणारा जनुक. गर्भाशयाच्या अस्तराच्या नेहमीच्या, एंडोमेट्रिऑइड कॅन्सरमध्ये तो बहुतेक वेळा बिघडलेला असतो. पण पाळी चालू असलेल्या धडधाकट बायकांच्या अस्तरातही पीटीईएन गेलेल्या ग्रंथी सापडतात. त्यामुळे एवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही. अ‍ॅटिपिकल हायपरप्लेसियाचं मात्र तसं नाही. त्यासाठी गर्भाशय काढलं, तर सुमारे 40 टक्के बायकांत आत कॅन्सर आधीच असल्याचं दिसतं. या वयात गोळ्यांवर महिने घालवू नका, शस्त्रक्रियेचं विचारा.

त्याआधी स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. पीटीईएनच्या तपासात तो असेल तिथे तपकिरी रंग येतो. ग्रंथींभोवतीचा स्ट्रोमा, म्हणजे आधाराच्या पेशी, तपकिरी रंगलेला असेल, तरच ग्रंथींचं कोरेपण खरं. स्ट्रोमाही कोरा असेल तर तपासच फसला. बहुधा तुकडा सलाइनमध्ये पडून राहिलेला असतो, नाहीतर तो टिकवणारं फॉर्मॅलिन अपुरं पडलेलं. तुकड्याच्या दहापट 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिन आणि 6 ते 72 तास, हा नियम.

मुंबईला न्यायचं तर स्लाइडसोबत मेणाचा ब्लॉकही, म्हणजे तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो तो ठोकळा, मागून घ्या. पुढचे तपास त्यातूनच होतात, आणि आधीच कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड जुन्या झाल्या की रंग नीट धरत नाहीत. आपल्याकडच्या मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हे मेण साधारण 56 ते 60 अंशांना वितळतं, आणि उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापायला वेळ लागत नाही.

बहिणींचं म्हणाल, तर गाठीतला पीटीईएन लॉस सहसा त्या पेशींपुरताच असतो, रक्तातून मुलींकडे येत नाही. पीटीईएनच्या जन्मजात दोषाचा, घराण्यात चालणारा काउडेन सिंड्रोम फार विरळा. कॅन्सर निघालाच, तर त्याच ब्लॉकवर एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6 ही चार प्रथिनं आणि पी53 तपासायला सांगा. लिंच सिंड्रोम, म्हणजे गर्भाशयाच्या नि आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा घराण्यातला दोष, आहे का याचा अंदाज त्या चारांवरून येतो. एमएलएच1 आणि पीएमएस2 दोन्ही गेले असतील, तर आधी मेथिलेशनची, म्हणजे जनुक रासायनिक खुणेने बंद पडलाय का याची, तपासणी. ती पॉझिटिव्ह आली, तर दोष बहुधा आनुवंशिक नसतो. निगेटिव्ह आली, किंवा एमएसएच2 वा एमएसएच6 गेलेलं निघालं, तर आधी आईची रक्ताची जनुकतपासणी करा. तिच्यात दोष सापडला तरच तुम्हा बहिणींची.