विचारा सिस्टरला: आकडे नॉर्मल, पण पेशंट बरा दिसत नाही

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून तीन वर्षं झाली, तालुक्याच्या गावी एका प्रायव्हेट हॉस्पिटलला सर्जिकल वॉर्डला आहे. मागच्या महिन्यात नाईटला एक 58 वर्षांच्या बाई होत्या, आतड्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. संध्याकाळी छान गप्पा मारत होत्या, रात्री दोनला बघितलं तर गप्प, सारखी चादर ओढतायत, कपाळाला घाम. बीपी 110/70, नाडी 112, ताप 99, ऑक्सिजन 95. आरएमओंना (हॉस्पिटलच्या ड्युटी डॉक्टरांना) फोन केला की सर बाई बऱ्या वाटत नाहीत, तर ते म्हणाले बीपी नॉर्मल आहे, ताप नाही, सकाळी बघू. सकाळी राउंडला मोठे सर आले आणि लगेच आयसीयूत हलवलं. आता बऱ्या आहेत. पण "मला नुसतं वाटतंय" यावर कुणी ऐकत नाही, तर काय करायचं?

उत्तर: तुला जे वाटलं ते बरोबर होतं हे आधी सांगते. आठ आठ तास पेशंटजवळ आपण असतो, डॉक्टर राउंडला येऊन जातात, त्यामुळे बोलणारी बाई गप्प झाली हे पहिल्यांदा आपल्यालाच कळणार. पण फोनवर पलीकडच्या माणसाला बाई दिसत नसतात ना, त्याला फक्त तू सांगितलेले आकडे ऐकू येतात, म्हणून वाटण्याचे आकडे करायचे.

तुझ्या पत्रात एक आकडा नाहीये, श्वासाचा. कुठल्याही वॉर्डचा टीपीआर (ताप, नाडी, श्वासाचा) चार्ट काढून बघ, ओळीनं सगळ्यांचे श्वास 20, 20, 20, न मोजता लिहिलेले. आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी हलतो तो हाच, बीपी खूप नंतर पडतं, कारण शरीर नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून ते बराच वेळ धरून ठेवतं. मोजायची पद्धत साधी आहे, नाडी बघतेयस असं मनगट धरून ठेवायचं आणि नजर पोटावर, घड्याळात पूर्ण एक मिनिट, मोजतेय असं पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की श्वास बदलतो.

समजा त्या बाईंचा 26 निघाला असता. इंग्लंडमध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2012 ला पेशंट किती बिघडलाय ते मोजणारा न्यूज नावाचा स्कोअर आणला, 2017 ला सुधारला, मार्क जितके जास्त तितका धोका जास्त, त्यात 25 किंवा जास्त श्वासाला 3 मार्क, नाडी 112 ला 2, ऑक्सिजन 95 ला 1, वरचं बीपी 110 ला 1. झाले 7. आणि 7 म्हणजे तातडीनं डॉक्टर बेडजवळ हवा. बघ, फोनवर नॉर्मल वाटलेल्याच आकड्यांची बेरीज आहे ही. त्यात नव्यानं बरळायला लागल्या असत्या तर अजून 3. शिवाय बाईंचं नेहमीचं बीपी काय होतं? घरी 150 असणाऱ्या माणसाला 110 हे नॉर्मल नाही, आधीचे कागद उघडून बघायचे. (अटेनोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नाडी वाढतच नाही, आणि पॅरासिटामॉल दिलं असेल तर ताप दिसत नाही, हे पण डोक्यात ठेव.) आणि युरिन बॅग. किलोमागे तासाला अर्धा एमएल तरी पाहिजे, म्हणजे 60 किलोच्या बाईला चार तासांत 120.

मग फोन असा करायचा: "सर, बेड 7, आतड्याचं ऑपरेशन, दुसरा दिवस. संध्याकाळी बोलत होत्या, आता गप्प आणि बेचैन. श्वास मिनिटभर मोजला, 26. नाडी 112, बीपी 110, नेहमीचं 150. चार तासांत युरिन 60. मला इन्फेक्शन किंवा आतून ब्लीडिंगची शंका येतेय, तुम्ही आत्ता येऊन बघा." शेवटचं वाक्य गिळायचं नाही, आपण बरेचदा तिथेच "बाकी ठीक आहे सर" म्हणून मोकळ्या होतो. तरी आले नाहीत तर इन-चार्ज सिस्टरना उठव, मग थेट सर्जनना फोन, आणि कुणाला किती वाजता काय सांगितलं ते नोट्समध्ये लिही. रात्री तीनला सर्जन चिडले तर चिडू देत, पेशंट आपल्या ताब्यात आहे.

प्रश्न: सकाळच्या इन्सुलिनची ऑर्डर आहे पण पेशंटला उलट्या होतायत, नाश्ता केलाच नाही. द्यायचं की नाही? न दिलं तर ऑर्डर मोडली असं होतं का?

उत्तर: आधी शुगर बघ आणि देण्याआधी डॉक्टरांना विचार, विचारणं म्हणजे ऑर्डर मोडणं नाही. मनानं देऊ पण नको आणि मनानं बंद पण करू नको, कारण टाईप 1 डायबेटिसच्या (ज्यांचं शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही अशा) पेशंटला इन्सुलिन पूर्ण थांबवलं तर तोही धोकाच. शुगर 70 च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर, गिळू शकतोय तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, पंधरा मिनिटांनी परत शुगर. उलटीत तोंडानं टिकत नसेल किंवा ग्लानी असेल तर तोंडात काही घालायचं नाही, डॉक्टरांना सांगून शिरेतून.

अजून एक, आपल्याकडे एका एमएलमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन्ही ताकदीच्या इन्सुलिनच्या व्हायल (बाटल्या) मिळतात. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी. 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये भरलंस तर डोस अडीच पट जातो. भरायच्या आधी व्हायल आणि सिरिंज दोन्हीवरचा आकडा सोबतच्या सिस्टरला मोठ्यानं वाचून दाखव.