शालेय वृत्तपत्र : नाव छापण्याआधी

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी चालवलेल्या वृत्तपत्रांविषयी आलेल्या पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यात एका मुलाचे मन दुखावले गेले आहे आणि ते अजून थोडेफार सावरता येण्यासारखे आहे.

प्रश्न : मी नववीत असून शाळेच्या मासिक वृत्तपत्राची संपादक आहे. आमचा फुटबॉल संघ अंतिम सामना हरला, त्या बातमीत आम्ही ‘कर्णधार घरगुती अडचणींमुळे खेळू शकला नाही’ असे लिहिले. ही माहिती त्याच्या एका मित्राने आमच्या वार्ताहराला दिली होती. आम्ही कर्णधाराचे नाव छापले नव्हते, तरी त्याचे आईवडील विभक्त होत आहेत ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी झाली. तो आता आमच्याशी बोलत नाही. बातमी खोटी नव्हती. मग आमचे काय चुकले आणि आता काय करावे?

उत्तर : बातमी खरी असणे ही ती छापण्याची पहिली अट आहे. तिच्यामागोमाग आणखी तीन प्रश्न येतात : ही माहिती वाचकाला कशासाठी हवी आहे, ती आपल्याला कोणी दिली, आणि जिच्याविषयी ती आहे त्या व्यक्तीला आपण ती छापणार असल्याचे ठाऊक आहे का? तुमच्या बातमीतले ‘घरगुती अडचणींमुळे’ हे दोन शब्द या तिन्ही ठिकाणी अडतात. ‘कर्णधार या सामन्यात खेळला नाही’ एवढ्यावर सामन्याची बातमी पूर्ण होत होती. पुढचे कारण मित्राने सांगितले, पण ते त्याला विश्वासाने कळले होते आणि दुसऱ्याला देण्याचा अधिकार त्याला नव्हता. शिवाय अंक छपाईला जाण्यापूर्वी तुमच्यापैकी कोणीही खुद्द कर्णधाराला एक फोन केला नाही. तो केला असता तर बहुधा त्यानेच ते दोन शब्द गाळायला सांगितले असते.

नाव न छापल्याचा आधार इथे घेता येणार नाही. संघाला कर्णधार एकच असतो, त्यामुळे ‘कर्णधार’ म्हटले की नाव सांगितल्यासारखेच आहे. ओळख लपली की नाही याची कसोटी अनोळखी वाचकावर लावायची नसते. त्याच वर्गात बसणाऱ्याला व्यक्ती ओळखू येते का, हे पाहायचे असते. मोठ्या शहरातल्या दैनिकाचा वार्ताहर ज्याच्याविषयी लिहितो तो माणूस कदाचित त्याला पुन्हा कधी भेटणारही नाही. तुम्ही ज्याच्याविषयी लिहिता तो मात्र दुसऱ्या दिवशी पुढच्याच बाकावर बसलेला असतो, आणि शाळा सोडून जाण्याची मुभा त्याला नसते. म्हणूनच शालेय वृत्तपत्राने खासगी आयुष्याबाबत व्यावसायिक वृत्तपत्रांहूनही अधिक जपून लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेतील सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नालिस्ट्स या पत्रकार संघटनेच्या आचारसंहितेत चार तत्त्वे आहेत : सत्याचा शोध घेऊन ते मांडणे, हानी कमीत कमी ठेवणे, स्वतंत्रपणे वागणे, आणि उत्तरदायी व पारदर्शक असणे. तुम्ही पहिले तत्त्व पाळले आणि दुसरे तुमच्या नजरेतून सुटले. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातही या दोन्ही गोष्टी शेजारी नांदतात. त्याचे 13 वे कलम मुलांना माहिती मिळवण्याचा व देण्याचा हक्क देते, तर 16 वे कलम त्यांच्या खासगी आयुष्याला आणि कुटुंबाला संरक्षण देते. संपादक म्हणून पहिला हक्क तुला आहे, तसाच कर्णधार म्हणून त्याला दुसराही आहे.

आता काय करावे? तू आणि तो वार्ताहर मिळून त्याला प्रत्यक्ष भेटा. शिक्षकांना मध्ये घालू नका आणि मोबाइलवर संदेश पाठवून मोकळे होऊ नका. ‘आम्ही तुला न विचारता तुझ्या घराविषयी लिहिले, ते चुकले’ एवढेच सांगा. त्यामागची कारणे सांगत बसू नका. त्याच्या मित्रावर खापर फोडू नका. छापील दिलगिरी हवी का, हे त्यालाच विचारा. तपशिलाची चूक असेल तर दुरुस्ती कोणालाही न विचारता छापावीच लागते, मात्र इथे तपशील चुकलेला नाही आणि दिलगिरी छापल्याने चर्चेला पुन्हा तोंड फुटू शकते. म्हणून तो निर्णय त्याचा राहू द्या. अंक संकेतस्थळावर असेल तर ते शब्द आजच काढा आणि खाली ‘या बातमीतील एक उल्लेख संपादक मंडळाने वगळला आहे’ अशी ओळ टाका. उल्लेख कोणता होता ते लिहू नका.

यापुढे कोणाचे घर, आजार, गुण किंवा शिक्षा यांविषयीची गोष्ट फक्त त्या व्यक्तीच्या तोंडूनच घ्यायची, आणि तीही ‘मी वृत्तपत्रासाठी विचारतोय, हे छापले जाईल’ असे सुरुवातीलाच सांगून, असा लेखी नियम करा. कुटुंबाविषयी काही असेल तर पालकांचीही संमती घ्या. अंक छपाईला जाईपर्यंत संमती मागे घेता येईल, हेही त्या नियमात असू द्या.

प्रश्न : मी शालेय वृत्तपत्राचा मार्गदर्शक शिक्षक आहे. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या साफ होत नसल्याविषयीचा विद्यार्थ्यांचा लेख मुख्याध्यापकांनी छपाईच्या आदल्या दिवशी काढायला लावला. लेखात शाळेची बाजू नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरे होते. आता प्रत्येक अंक आधी दाखवावा, असे ते म्हणतात. आचारसंहिता लिहायची तर ती कशी असावी?

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मला अमेरिकेतील एक खटला आठवला. 1983 साली मिझुरी राज्यातील हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी ‘स्पेक्ट्रम’ या विद्यार्थी वृत्तपत्राची दोन पाने वगळली. त्यांत गरोदर राहिलेल्या विद्यार्थिनींचे अनुभव आणि आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणारा परिणाम, असे दोन लेख होते. मुलींची नावे बदललेली असली तरी त्या ओळखू येतील, आणि ज्या वडिलांवर एका मुलीने टीका केली आहे त्यांना उत्तराची संधी मिळालेली नाही, असे मुख्याध्यापकांचे आक्षेप होते. सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये 5 विरुद्ध 3 मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. भिन्नमत नोंदवणारे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मात्र नेमकी तेवढीच वाक्ये वगळणे किंवा अंक लांबणीवर टाकणे असे मार्ग उपलब्ध होते, याकडे लक्ष वेधले.

निकाल त्या देशापुरता आहे, पण त्यातली एक गोष्ट सगळ्या शाळांना लागू पडते. मुख्याध्यापकांचे दोन्ही आक्षेप चांगल्या संपादकानेही घेतले असते. ओळख अधिक नीट लपवणे आणि वडिलांना फोन करणे हे त्यावरचे साधे उपाय होते. पण बदल करायला आता वेळ उरलेला नाही असा मुख्याध्यापकांचा समज झाला, आणि त्या दोन लेखांबरोबर त्या पानांवरचे बाकीचे लेखही गेले. तुमच्याकडेही नेमके हेच घडले आहे. म्हणून आचारसंहितेची सुरुवात वेळापत्रकापासून करा, असे मी सुचवतो.

ज्या लेखात कोणावर आक्षेप आहे, त्याचा मसुदा छपाईच्या दहा दिवस आधी तयार हवा. ज्यांच्यावर आक्षेप आहे त्यांना लेख दाखवायचा नाही. नेमके प्रश्न लिहून द्यायचे आणि उत्तरासाठी तीन दिवस द्यायचे. उत्तर आले तर ते लेखात यावे, नाही आले तर ‘विचारणा केली, उत्तर मिळाले नाही’ असे छापावे. टाक्यांच्या बाबतीत विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापकांना विचारावे : टाक्या शेवटच्या कधी साफ केल्या, ते काम कोणाकडे आहे, त्याची नोंदवही आहे का आणि ती पाहता येईल का? या चार प्रश्नांची उत्तरे घेऊन तोच लेख पुढच्या अंकात द्या. पहिल्यापेक्षा तो अधिक भक्कम होईल आणि मुख्याध्यापकांचा आक्षेपही उरणार नाही.

त्यानंतर निर्णय कोणाचा, हे स्पष्ट लिहा. माझ्या मते मजकुराविषयीचा अंतिम निर्णय विद्यार्थी संपादकाचाच असावा. मार्गदर्शक शिक्षकाने खुणा कराव्यात, शंका विचाराव्यात, पण लेखणी स्वतःच्या हातात घेऊ नये. लेख थांबवण्याची मुभा तीनच कारणांसाठी असावी : बदनामी, अल्पवयीन व्यक्तीची ओळख उघड होणे आणि हिंसेला चिथावणी. जो थांबवील त्याने कारण त्याच दिवशी लेखी द्यावे. शाळेच्या प्रतिमेला धक्का पोहोचतो, हे कारण या यादीत घालू नका. ते एकदा घातले की टाक्यांवरचा कोणताही लेख कधीच छापला जाणार नाही. मुख्याध्यापकांची काळजी निराधार नाही, कारण वृत्तपत्र शाळा काढते आणि कायद्याची झळ शाळेलाही लागू शकते. म्हणूनच हा मसुदा त्यांच्याशी बसून करा आणि वर्षाच्या सुरुवातीला, एकही वादग्रस्त लेख समोर नसताना, तिघांनी त्यावर सह्या करा.

प्रश्न : आठवीत असताना मी शालेय वृत्तपत्राला माझ्या नैराश्याविषयी मुलाखत दिली होती. आज माझे नाव शोधले की संकेतस्थळावरची तीच मुलाखत पहिल्यांदा दिसते. ती काढून टाका म्हणण्याचा मला अधिकार आहे का?

उत्तर : संपादकांना अवश्य लिहा. जुना अंक हा दस्तऐवज असतो आणि मागाहून नकोशी वाटणारी प्रत्येक ओळ खोडत गेल्यास त्याला अर्थ राहत नाही, हे खरे आहे. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने दिलेली संमती तिने आयुष्यभरासाठी दिली, असे मानणे मला अन्यायाचे वाटते. मुलाखत तशीच ठेवून संकेतस्थळावरून तुमचे नाव आणि छायाचित्र काढणे, हा मार्ग संपादक मंडळाने स्वीकारावा. छापील प्रती आहेत तशा राहू द्याव्यात.

प्रश्न : आमची वार्ताहर विद्यार्थी प्रतिनिधीपदाची निवडणूक लढवणाऱ्या मुलीची बहीण आहे. तिने निवडणुकीची बातमी लिहावी का?

उत्तर : लिहू नये, त्या बातमीचा मथळा आणि छायाचित्र निवडण्यातही तिने भाग घेऊ नये. ती कितीही निःपक्षपाती असली तरी वाचकाला ते पडताळता येत नाही. तिला त्या महिन्यात दुसरे पान द्या.

प्रश्न : एका वार्ताहराने मुलाखतीतील उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून ‘नीट’ करून घेतली. अर्थ बदललेला नाही. हे चालेल का?

उत्तर : अवतरणचिन्हांच्या आतले शब्द बोलणाऱ्याचे असतात. ते यंत्राने बदलले काय किंवा संपादकाने बदलले काय, वाचकाला आपण खोटी ग्वाही देतो. बोलणाऱ्याची वाक्ये अर्धवट किंवा विस्कळीत असतील तर अवतरणचिन्हे काढून तोच आशय वार्ताहराने आपल्या शब्दांत सांगावा. रेकॉर्डिंग अजून असेल तर त्या वार्ताहराला शेजारी बसवून ते पुन्हा ऐका आणि छापलेले प्रत्येक अवतरण रेकॉर्डिंगशी ताडून पाहा. जिथे शब्द वेगळे निघतील तिथे पुढच्या अंकात, मूळ बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर, दुरुस्ती द्या.