किडलेल्या फणसाचं पेन

तुमचा प्रश्न असा की आजोळच्या चौकटीचा किडलेला तुकडा हाती आलाय, त्याचं पेन कातायचंय, तर भोकं कशाने भरू आणि लाकडातली हवा ओढून त्यात रेझिन मुरवणारा व्हॅक्यूमचा सेट घ्यायलाच हवा का. सेटचं नंतर बघू.

आमचं राजापूरकडचं घर उतरवलं तेव्हा माजघरातला फणसाचा खांब मी मागून घेतला. वरून ठणठणीत, आत नुसता भुसा. थोरला चुलतभाऊ सुतारकाम शिकलेला. म्हणाला, "चुलीत घाल. भरून केलेलं काम ते काम नव्हे. लांबी म्हणजे लबाडी." लांबी म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी. हे लबाडीचं वाक्य मी त्याच्या तोंडून तीस वर्षं ऐकतोय.

पहिलं पेन त्याच्यादेखतच केलं, हीच चूक. वरची भोकं जाड सुपरग्लूने बुजवली, सात मिलिमीटरचं भोक पाडलं, पेनाची नळी आत चिकटवली आणि लेथ, म्हणजे कातायचं यंत्र, चालू केला. चौकोनाचा गोल होतोय न होतोय तोच फट्ट! अर्धं लाकूड बाल्कनीच्या ग्रिलवर आणि मधे उघडी पितळी नळी गरगर फिरतेय. दादा काही बोलला नाही, चहा पीत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

भोक बुजवणं वेगळं आणि लाकूड घट्ट करणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. जाड ग्लू वरच बसतो. खोल भोकात एकदम ओतला तर वरून सुकतो, आत ओलाच राहतो आणि लेथ फिरला की तोंडावर उडतो. घट्ट करायला पाण्यासारखा पातळच लागतो. तो आधी चारही बाजूंनी पाजायचा, भोक पाडल्यावर आतून पाजायचा, मग हाताने ड्रिल फिरवून भोक साफ करायचं. तुकडा नळीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त लांब ठेवा, ड्रिल आरपार नेऊ नका. टोक नंतर कापलं की भोक आपोआप उघडतं. नळीला काळा रंग द्या, नाहीतर किडीच्या भोकातून पितळ चमकतं. नळी चिकटवायला सावकाश सुकणारं अरल्डाइट. सुपरग्लूने नळी अर्ध्यातच अडकते. मग कातताना दर मिलिमीटरला थांबा आणि पुन्हा पाजा. कंटाळा येतो. येऊ द्या.

राहिली मोठी भोकं. त्याच लाकडाचा भुसा भरा असं सगळे सांगतात. मला पटत नाही. ग्लूत भुसा काळपट होतो आणि लपवायला गेलेलं उलट उठून दिसतं. मी चावीवाल्याकडून पितळेचा कीस आणला आणि थरथर भरला. पिवळ्या फणसात पितळेच्या वाटा, कीड जशी फिरली तशा. पॉलिश पेपर मारायच्या आधी लाकडावर ग्लूचा हात मात्र द्या, नाहीतर पितळेची काळी पूड रेषांत बसते.

पेन दादाला दिलं. उलटसुलट करून म्हणाला, "पितळ कशाला?" म्हटलं, लबाडी दिसावी म्हणून. वर हेही सांगितलं की त्याच्या दिवाणखान्याच्या दारावर पॉलिशखाली किती लांबी आहे ते मी नख लावून बघितलंय. वहिनी हसली. पेन त्याच्या खिशाला असतं, याहून जास्त तो काही कबूल करणार नाही.

हां, सेट. एका पेनासाठी घेऊ नका. त्यातलं रेझिन तंतूंत मुरतं, भोकं भरत नाही. ती तुम्हाला भरावीच लागणार. लाकूडही आधी भट्टीत पार कोरडं करावं लागतं. आंब्यासारखं मऊ, कुजकं लाकूड ढिगाने असेल तर सेट वसूल होतो. तुमची चौकट सागाची असेल तर सागातलं तेल रेझिनला नीट शिरू देत नाही. ग्लू लावायच्या आधीही साग ॲसिटोनने पुसा. खिडकी उघडी ठेवा, ग्लूचा धूर डोळ्यांना झोंबतो. स्वयंपाकघरातला ओव्हन या कामाला वापरू नका. आणि सुती बनियनवर पातळ ग्लू सांडू नका. सुतात तो इतका तापतो की धूर निघतो. माझ्या पोटावर रुपयाएवढा डाग आहे.