नुसत्या सहीवर ऑपरेशन? सज्ञान मुलाची संमती आणि आईबाबांचं काम

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत बरीच वर्षं आहोत. आमचं मोठं लेकरू २४ वर्षांचं, सिअ‍ॅटलला नोकरी करतं. तो ट्रान्स आहे, मुलगा म्हणून जगतोय, हे त्याने आम्हाला कॉलेजात असतानाच सांगितलं होतं. आम्ही रागावलो नाही, पण पुन्हा कधी विषयही काढला नाही. परवा ह्यांच्या विमा कंपनीचं पत्र घरी आलं, त्यात एका प्लास्टिक सर्जनचं नाव. फोन केला तेव्हा कळलं की छातीची शस्त्रक्रिया, म्हणजे स्तन काढून छाती सपाट करायची ठरवली आहे. त्या सर्जनला मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठीसुद्धा लागत नाही, सगळी माहिती देऊन सही घेतात म्हणे. हे विचारतात, एवढं मोठं ऑपरेशन आणि नुसत्या सहीवर? विम्यातून नाव काढावं का? की पुण्याला नेऊन ओळखीच्या डॉक्टरांना दाखवावं?
– एक आई

उत्तर : ताई, तुमचा मुलगा सज्ञान आहे आणि तुम्ही फोन केल्यावर त्याने काहीही लपवलं नाही. या दोन गोष्टी आधी मनात पक्क्या करा, मग पुढचं वाचा.

पत्र तुमच्या घरी आलं कारण विमा ह्यांच्या नावावर आहे आणि अमेरिकेत मुलं २६ वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहू शकतात. खर्चाचा तपशील मुख्य विमाधारकाकडे जातो. आपली कागदपत्रं वेगळ्या पत्त्यावर पाठवा, असं मुलगा विमा कंपनीला सांगू शकतो. हे त्याला माहीत नसेल तर तुम्हीच सांगा. तुमच्यावर त्याचा भरवसा बसायला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

आता त्या सहीबद्दल. ट्रान्स व्यक्तींच्या उपचारांसाठी डब्ल्यूपॅथ ही जागतिक संस्था मार्गदर्शक तत्त्वं काढते. त्यांच्या सातव्या आवृत्तीत छातीच्या शस्त्रक्रियेसाठी मानसिक आरोग्यतज्ज्ञाचं एक पत्र आणि जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन पत्रं सांगितली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये आठवी आवृत्ती आली. तिच्यानुसार सज्ञान व्यक्तीला एका जाणकार आरोग्य व्यावसायिकाने तपासलं तरी पुरतं, आणि तो मानसोपचारतज्ज्ञच असायला हवा असं नाही. हार्मोनच्या बाबतीत न्यूयॉर्कचं कॅलन-लॉर्ड, बॉस्टनचं फेनवे अशी केंद्रं माहितीपूर्ण संमतीची, म्हणजे सगळं समजावून सांगून रुग्णाची सही घेण्याची पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत आली आहेत. अर्जेंटिनाने तर २०१२ मध्ये कायदाच केला : सज्ञान माणसाला शस्त्रक्रियेसाठी न्यायालयाची किंवा वैद्यकीय मंडळाची परवानगी लागत नाही, त्याची माहितीपूर्ण संमती पुरते.

सही या प्रक्रियेत अगदी शेवटी येते. त्याआधी सर्जनने ऑपरेशनचे प्रकार, धोके, जे परत येणार नाही ते आणि ऑपरेशन न करण्याचा पर्याय हे सगळं समजावून सांगायचं असतं. रुग्णाला ते समजलं का, तो कोणाच्या दबावाखाली तर नाही ना, हेही पाहायचं असतं. मला ही पद्धत योग्य वाटते. चिठ्ठीवर सगळं अडायचं तेव्हा माणसं डॉक्टरांपुढे पाठ केलेली कहाणी सांगायची आणि मनातली शंका गिळून टाकायची, कारण शंका बोलून दाखवली की दार बंद. चिठ्ठी मिळायची आणि खरा प्रश्न विचारायचा राहून जायचा. इथे तुमचा मुलगा सर्जनला मोकळेपणाने म्हणू शकतो, “संवेदना जाईल याची मला भीती वाटते.” त्यामुळे त्याची वेळ रद्द होत नाही.

पण प्रत्येक दवाखाना हे नीट करतो असं नाही. व्हिडिओ कॉलवर घाईघाईने बोलून लगेच आगाऊ पैसे मागत असतील तर ती माहितीपूर्ण संमती नव्हे. सर्जन बोर्ड सर्टिफाइड, म्हणजे त्या शाखेच्या मंडळाने प्रमाणित केलेला आहे का, ही शस्त्रक्रिया तो नेहमी करतो का, आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवरचे व्रण कसे दिसतात याचे फोटो आहेत का, दुरुस्तीसाठी पुन्हा ऑपरेशन लागलं तर खर्च कोणाचा, हे त्याने विचारायला हवं. शेजारी बसून हे प्रश्न लिहून काढायला तुम्ही मदत करू शकता. सर्जनच्या खोलीत यायचं की नाही हे मात्र त्याला ठरवू द्या.

एका गोष्टीची कल्पना त्यालाही असू द्या. सर्जनला चिठ्ठी लागत नसली तरी विमा कंपनीला बहुतेक वेळा लागते. पूर्वमंजुरीसाठी थेरपिस्टचं पत्र मागतात आणि ते नसेल तर दावा नाकारतात. फक्त सहीवर होणारी बरीच ऑपरेशनं म्हणूनच खिशातल्या पैशाने होतात. पॉलिसीत नेमकं काय लिहिलंय ते तारीख पक्की करण्याआधी वाचा. गॅलॅप नावाच्या उपक्रमात असे थेरपिस्ट आहेत जे ही पत्रं फी न घेता लिहून देतात. नकार आलाच तर त्यावर अपील करता येतं.

विम्यातून नाव काढू नका. त्याने ऑपरेशन थांबणार नाही. तो कर्ज काढेल, स्वस्तातला सर्जन शोधेल आणि पुढची तारीख तुम्हाला सांगणार नाही.

पुण्याच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून त्याचं मन वळवून घ्यायचं तुमच्या मनात असेल तर तेही नको. कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे माणसाची लिंगओळख बदलू पाहणारे ‘उपचार’, हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं आपल्याकडच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे. ऑपरेशन तिथे करावं म्हणाल, तर भारतात बहुतेक सर्जन मानसोपचारतज्ज्ञांचं प्रमाणपत्र मागतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतर लगेच लांबचा विमानप्रवास केला की रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, आणि काही बिघडलं तर ज्याने टाके घातले तो सर्जन सातासमुद्रापार.

तुमच्याकडे मात्र असं काही आहे जे कोणत्याही सर्जनकडे नाही : घराण्याचा वैद्यकीय इतिहास. आजी, मावशी, आत्या यांपैकी कोणाला स्तनाचा कर्करोग झाला होता का? झाला असेल तर कितव्या वर्षी? या शस्त्रक्रियेने तो धोका कमी होतो, पण थोडी ग्रंथी उरते म्हणून पूर्ण जात नाही, आणि घरात आजार असेल तर सर्जनचा बेत बदलू शकतो. भूल दिल्यावर कोणाला त्रास झाला होता का, पायात रक्ताची गाठ, मधुमेह, जखमेवर जाड वाढणारे व्रण म्हणजे केलॉइड? आपल्या लोकांमध्ये केलॉइड बरेच दिसतात. आपल्या घरांत या गोष्टी कोणी मुलांना सांगत नाही. या वेळी सांगा, लिहून पाठवा.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात. नेहमीच्या पद्धतीत छातीवर दोन आडवे छेद घेतात, स्तनाग्रं काढून पुन्हा कलम करून बसवतात. तिथली संवेदना बऱ्याचदा कमी होते, पुढे अंगावर पाजणं बहुधा शक्य होत नाही. सिगारेट किंवा व्हेप असेल तर काही आठवडे आधी बंद, कारण निकोटिनमुळे रक्तपुरवठा घटून कलम मरू शकतं. या शस्त्रक्रियेआधी हार्मोन घेतलेच पाहिजेत असं नाही. बीजांडकोशाला तर ती हातच लावत नाही. टेस्टोस्टेरॉनचा प्रजननक्षमतेवरचा परिणाम हा वेगळा विषय आहे. बीजं गोठवून ठेवायची का हे त्याने डॉक्टरांशी बोलावं. नातवंडांच्या आशेने तुम्ही त्यात पडू नका.

“पुढे पस्तावला तर?” हा प्रश्न तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, पण तो मनात असणारच. २०२१ मध्ये २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ७,९०० हून अधिक रुग्ण होते आणि शस्त्रक्रियेचा पश्चात्ताप झालेल्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होतं. सगळ्याच अभ्यासांनी रुग्णांचा पाठपुरावा पुरेसा केला नव्हता, त्यामुळे या आकड्याला मी शेवटचा शब्द मानत नाही. तरी बहुतेक जण पस्तावतात हा जो आपल्याकडचा समज आहे, त्याला त्यात काही आधार सापडत नाही.

हे सगळं सज्ञान मुलांबद्दल. घरात अठराच्या आतलं मूल असेल तर नियम फार वेगळे आहेत. अमेरिकेच्या अनेक राज्यांत त्या वयात हे उपचार बंद आहेत आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीचा तसा कायदा कायम ठेवला. आपल्या राज्यातली स्थिती वकिलाला विचारूनच पावलं उचला.

नातेवाइकांचं काय, हे मला नेहमी विचारतात. कोणाला, कधी आणि किती सांगायचं हे तुमचा मुलगा ठरवेल. त्याने हो म्हटलं आणि गावाकडे समजवायची वेळ आली, तर बीडच्या ललित साळवे यांची आठवण करून द्या. पोलिसात असताना लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेच्या रजेसाठी त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांची पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यांची वैद्यकीय परिस्थिती वेगळी होती, पण ती बातमी महाराष्ट्रात घराघरांत वाचली गेली. नंतर त्यांनी लग्न केलं, ते बापही झाले. तुमच्या सासूबाईंना कदाचित तुमच्याआधी माहीत असेल.

आता त्याला फोन करा आणि एवढंच विचारा : ऑपरेशननंतर कोण असणार आहे, आम्ही येऊ का? नको म्हणाला तर मान्य करा, त्याचे मित्र असतील. हो म्हणाला तर निदान दोन आठवड्यांची रजा काढा. पहिला आठवडाभर छातीतून नळ्या असू शकतात. त्यांतलं पाणी रोज मोजून लिहावं लागतं, आणि त्याला स्वतःला खाली वाकणं जड जातं. घट्ट पट्टा काही आठवडे, जड उचलणं चार ते सहा आठवडे बंद. वरच्या फडताळातलं रोज लागणारं सामान आधीच खाली काढून ठेवा. सर्जनच्या ऑफिसकडून रात्रीचा फोन नंबर मागून घ्या. एका बाजूची छाती अचानक फुगली किंवा ताप चढला तर सकाळची वाट न पाहता त्या नंबरवर फोन करा. श्वास लागला तर थेट ९११.