बुरशीवाल्याचं लायसन्स बघायचं म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: यंदाच्या पावसात आमच्या कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला ओल आली, पोपडे निघाले आणि कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी. एकजण मशीन घेऊन आला, म्हणतो मी सर्टिफाइड आहे, तपासणीही मीच करणार आणि काढूनही मीच देणार. मुलगी ह्यूस्टनला असते, ती म्हणते आधी लायसन्स बघा. असतं का आपल्याकडे?

उत्तर: काका, मुलगी तिथल्या हिशोबाने बरोबर बोलतेय. ह्यूस्टन अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात येतं, तिथे तपासणाऱ्याला वेगळं आणि बुरशी काढणाऱ्याला वेगळं सरकारी लायसन्स लागतं, सलग २५ चौरस फुटांपेक्षा कमी बुरशी असेल तर सूट. फ्लोरिडातही लायसन्स आहे, न्यूयॉर्कने २०१६ पासून सक्तीचं केलं. पण कॅलिफोर्नियात असं राज्याचं लायसन्सच नाही, म्हणजे तिकडेही सगळीकडे एकच कायदा आहे असं नाही. आपल्याकडे तर बुरशीसाठी वेगळं लायसन्स नाहीच, त्यामुळे तो दाखवतोय ते सर्टिफिकेट म्हणजे बहुतेक कुठल्यातरी खासगी कोर्सचं, सरकारी परवाना नव्हे.

तिकडचा एक नियम मात्र उचलाच, एकाच कामात तपासणारा आणि काढणारा एकच माणूस चालत नाही, कारण उघड आहे, जो बिल लावणार तोच रोग सांगणार! आणि मशीनबिशीन राहू दे, आधी पाणी येतंय कुठून ते शोधा, वरच्यांचं बाथरूम की बाहेरच्या भिंतीची भेग, ते बंद झाल्याशिवाय रंग मारलात तर पुढच्या पावसात परत तेच.